उशी बदलण्याआधी बोटं बघा

पत्र: "माझं वय ४७. गेलं वर्षभर रात्री दोन-तीनच्या सुमारास जाग येते ती उजवा हात बधिर झाल्यामुळे. कधी नुसत्या मुंग्या असतात, तर कधी हात आपला नाहीच असं वाटतं. डाव्या हाताने उचलून बाजूला ठेवावा लागतो. झटकला, चोळला की काही मिनिटांत ठीक होतो. दिवसा त्रास नाही, फक्त फोन कानाला लावून खूप वेळ बोलले की बोटं जड होतात. मी उजव्या कुशीवर झोपते आणि हात उशीखाली घालायची लहानपणापासून सवय आहे. ॲसिडिटीमुळे दोन उशा घेते. वर्षभरात तीन उशा झाल्या: आधी कापसाची, मग फायबरची, आता मेमरी फोमची, मधे खोलगट असलेली. काडीचा फरक नाही. नवरा म्हणतो रक्त थांबतं, बहीण म्हणते हार्ट दाखवून घे, मैत्रिणीने बी कॉम्प्लेक्स सुचवलं, ते सुरूही केलंय. नेमकी कोणती उशी घ्यावी आणि कसं झोपावं?"

ताई,

तिन्ही उशांची हकिकत तुम्ही तपशीलवार लिहिलीत, पण मला सगळ्यात जास्त हवी होती तीच गोष्ट राहून गेली. बधिर होतात ती बोटं नेमकी कोणती? अंगठ्याच्या बाजूची की करंगळीच्या? हे कळेपर्यंत चौथी उशी आणू नका. उशीचं काम मानेशी आणि थोडंफार खांद्याशी. कोपरात किंवा मनगटात नस दबत असेल तर उशी कितीही चांगली आणा, ती तिथवर पोचतच नाही.

हाताच्या सगळ्या नसा मानेच्या मणक्यांमधून निघतात. तिथून कॉलरबोनच्या मागून काखेत, काखेतून दंडात, मग कोपर आणि मनगट ओलांडून बोटांच्या टोकापर्यंत जातात. या वाटेवर कुठेही दाब आला तरी तक्रार उमटते ती बहुतेक वेळा बोटांत. म्हणून दुखणं कुठे आहे यापेक्षा कोणतं बोट बोलतंय याला महत्त्व. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची मधल्या बोटाकडची कड बधिर होत असेल, तर संशय मनगटातून जाणाऱ्या नसेवर, म्हणजे मीडियन नर्व्हवर. करंगळी आणि अनामिकेची करंगळीकडची कड असेल, तर कोपराच्या आतल्या बाजूने जाणाऱ्या अल्नर नर्व्हवर. अनामिका ही यातली पंच. एकाच बोटाची एक कड जागी आणि दुसरी बधिर असेल, तर दाब मनगटात किंवा कोपरात असण्याची शक्यता वाढते. मानेतून त्रास येतो तेव्हा अनामिका सहसा अशी मधोमध वाटली जात नाही.

हे सकाळी आठवून सांगता येत नाही. कुणालाही सकाळी विचारलं तर "सगळाच हात" असंच उत्तर येतं. म्हणून उशाशी कागद-पेन ठेवा. दिवसाच डावा पंजा कागदावर ठेवून पेन्सिलने बाह्यरेषा काढा, तसाच उजवाही काढा. रात्री जाग आली की हात झटकण्याआधी दुसऱ्या हाताच्या बोटाने एकेक बोट चाचपा, अनामिका दोन्ही कडांनी चाचपा, आणि बधिर वाटेल तेवढा भाग चित्रात काळा करा. अक्षर वेडंवाकडं आलं तरी चालेल. शेजारी एका ओळीत लिहा की कोपर वाकलेलं होतं का, मनगट दुमडलेलं होतं का, हात डोक्याखाली होता की डोक्याच्या वर. आठवडाभर एवढं केलंत तर डॉक्टरांचं अर्धं काम तुम्हीच केलेलं असेल.

आता यजमानांचं म्हणणं. रक्त थांबतं ही समजूत घराघरांत आहे आणि ती पूर्ण खोटीही नाही. दाबामुळे नसेला स्वतःला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या चेपतात, नसेचं काम मंदावतं आणि संदेश पुढे जात नाहीत. पण अख्ख्या हाताचं रक्त मात्र बहुतेक वेळा व्यवस्थित चालू असतं. पुढच्या वेळी हात बधिर असताना मनगटाची नाडी चाचपून बघा, ती जवळपास नेहमी लागते. खरोखर रक्त तुटलं तर पंजा पांढराफटक, गार पडतो आणि भयंकर दुखतो. तुमच्यासारखा हलवल्यावर मुकाट्याने ठिकाणावर येत नाही. दाब सुटल्यावर ज्या मुंग्या येतात, त्या नस पुन्हा चालू होताना उलटसुलट संदेश सोडते म्हणून. त्या त्रासदायक असल्या तरी चांगली खूण आहेत.

मग रोज रात्रीच का? जागेपणी हात अवघडला की आपण नकळत हलवतो. झोपेत, विशेषतः स्वप्नं पडतात त्या टप्प्यात, हातापायांचे स्नायू जवळजवळ पूर्ण सैल पडलेले असतात. वाकडा पडलेला हात तसाच राहतो. झोपेची गोळी किंवा दारू घेतलेली असेल तर आणखीच, कारण अवघडल्याची सूचना मेंदूपर्यंत पोचली तरी जाग येत नाही. रात्रभर खुर्चीच्या पाठीवरून हात लोंबकळत ठेवून झोपलेल्या माणसाला सकाळी मनगट उचलताच येत नाही, ते यामुळेच. दंडाच्या हाडाला लागून जाणारी रेडियल नर्व्ह त्यात चेपते. जोडीदाराचं डोकं रात्रभर दंडावर असलं तरी हेच होऊ शकतं. हे बहुतेकांचं आपोआप भरून येतं, पण आठवडे, कधी महिने लागतात. तुमचा त्रास त्या पातळीचा नाही.

तुमच्या पत्रातला फोनचा उल्लेख मला बोलका वाटला. फोन कानाला लावून बोलताना कोपर पूर्ण वाकलेलं असतं. कोपराला ठेच लागली की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात ना, ती हीच अल्नर नर्व्ह. तिथे तिच्यावर मांस जवळजवळ नाहीच. कोपर काटकोनापेक्षा जास्त वाकवलं की ती हाडाभोवती ताणली जाते आणि तिची वाटही अरुंद होते. हात उशीखाली घालून झोपणाऱ्याचं कोपर रात्रभर अशाच कोनात असतं. पण लगेच निष्कर्ष काढू नका. फोन धरताना मनगटही वाकतं आणि मूठ आवळलेली राहते, त्यामुळे मनगटातली नस दबणाऱ्यांनाही फोनवर बोलताना बोटं जड होतात. म्हणून पुन्हा तेच, करंगळी की अंगठा?

समजा करंगळी निघाली. मग रात्री कोपर फार वाकू द्यायचं नाही. "मी सरळ हात ठेवून झोपेन" असा निश्चय करून काही होत नाही, झोप लागल्यावर निश्चय कोण पाळणार? हाताला काहीतरी बांधावं लागतं. मध्यम आकाराचा टॉवेल कोपराभोवती सैल गुंडाळा, जाड थर कोपराच्या आतल्या खळग्यात येऊ द्या, आणि वरून बोटांकडचा भाग कापलेला जुना लांब मोजा चढवा. तो घट्ट असला तर नवीन दुखणं लागेल, आत दोन बोटं सहज जातील इतकाच सैल हवा. खेळाडू वापरतात तो मऊ गादीचा एल्बो पॅड उलटा घालणं हा आणखी सुटसुटीत उपाय. गादी कोपराच्या टोकावर न ठेवता आतल्या खळग्यात आणायची. हात थोडा वाकेल, पण पूर्ण मिटणार नाही, आणि तेवढंच आपल्याला हवं. पहिल्या काही रात्री वैताग येतो, झोपेतच तो काढून फेकला जातो. चिकाटी धरा. दिवसा टेबलावर कोपर टेकून बसणं आणि फोन कानाला धरणं बंद करा, इअरफोन लावा.

अंगठा, तर्जनी, मधलं बोट निघालं तर मामला मनगटाचा. तिथे हाडं आणि एक जाड पट्टा यांच्यामधल्या अरुंद बोगद्यातून ती नस आणि बोटं वाकवणारे नऊ स्नायुबंध एकत्र जातात. मनगट आत दुमडलं की बोगद्यातला दाब वाढतो. झोपेत आपण गुरगुटून मनगटं दुमडतोच, तुम्ही तर ते उशीखाली घालून वरून डोकं ठेवता. मोठ्या माणसाचं डोकं साधारण साडेचार-पाच किलोचं असतं. हात झटकला की बरं वाटणं ही या त्रासाची नेहमीची खूण, आणि तुमच्या पत्रात ती आहे. चाळिशी-पन्नाशीतल्या बायकांमध्ये हा त्रास पुरुषांपेक्षा जास्त दिसतो. गरोदरपणात, मधुमेहात, थायरॉइड कमी असताना, संधिवातातही दिसतो.

यावर रात्री मनगटाचा स्प्लिंट, म्हणजे मनगट वाकू न देणारा आधारपट्टा, बांधायचा. इथे एक बारकावा आहे जो दुकानात कुणी सांगत नाही. तयार मिळणाऱ्या बऱ्याच स्प्लिंटमध्ये धातूची पट्टी असते आणि ती मनगट मागच्या बाजूला वाकलेलं राहील अशी वळवलेली असते. नसेला आराम मिळतो तो मनगट सरळ रेषेत असताना. पट्टी बाहेर काढून हाताने जवळजवळ सपाट करा आणि परत घाला. बोटं मोकळी हवीत, मूठ वळता आली पाहिजे. पट्टे आवळू नका, सकाळी त्वचेवर खोल वळ उठत असतील तर ते घट्ट होतायत. चार ते सहा आठवडे रोज रात्री बांधा. दोन-चार रात्री बांधून "काही फरक नाही" म्हणू नका.

तिसरी शक्यता मानेची, आणि उशीचा खरा विषय इथे सुरू होतो. मानेतली नस दबत असेल तर बोटांबरोबर मान, खांद्याच्या पात्याची आतली कड किंवा दंडही दुखतो, आणि मान मागे किंवा त्या बाजूला वळवली की कळ हातात उतरते. काही जणांना हात डोक्यावर ठेवला की आराम वाटतो, कारण मुळांवरचा ताण सुटतो. तुम्ही मानदुखीबद्दल काहीच लिहिलेलं नाही. असेल तर उशीवर काम करण्यात अर्थ आहे. नसेल तरी तुमची सध्याची रचना बदलायला हवीच, ती का ते सांगते.

कुशीवर झोपल्यावर कान आणि गादी यांच्यात खांद्याच्या रुंदीएवढी पोकळी राहते. उशीने ती भरायची, ना कमी ना जास्त. उजव्या कुशीवर असताना उशी कमी पडली तर डोकं खाली, उजवीकडे झुकतं. त्या बाजूला मणक्यांमधल्या नसांच्या वाटा अरुंद होतात आणि शरीराचा भार खांद्याच्या टोकावर येतो. उशी जास्त झाली तर डोकं वर, डावीकडे ढकललं जातं आणि उजव्या बाजूच्या नसा मानेपासून खांद्यापर्यंत ताणल्या जातात. तुमच्या दोन उशा आणि त्यांच्याखाली हात म्हणजे बहुधा हा दुसरा प्रकार. पुष्कळांना हात उशीखाली घालायची सवय लागते ती उशी बुटकी पडते म्हणून. तुमच्या बाबतीत ते कारण आता उरलेलं नाही, सवय तेवढी उरली आहे.

आपल्याला किती उंची लागते ते दुकानात कळत नाही, घरी कळतं. उजवा खांदा भिंतीला हलकेच टेकवून ताठ उभ्या राहा, नजर समोर, आणि यजमानांना कानापासून भिंतीपर्यंतचं अंतर पट्टीने मोजायला सांगा. बहुतेकांचं ते १० ते १५ सेंटीमीटरच्या आसपास भरतं. गादी मऊ असेल तर खांदा तिच्यात रुततो, तेवढी उंची वजा करा. कडक गादीवर खांदा रुतत नाही, तिथे पूर्ण उंची लागते आणि खांद्यावर दाबही जास्त येतो. एकच उशी एकीकडे बरी आणि दुसऱ्या घरी गेल्यावर नकोशी वाटते, त्यामागे बऱ्याचदा गादीचा हा फरक असतो. आणि हे माप डोकं ठेवल्यावर दबलेल्या उशीचं आहे. पाकिटावर लिहिलेली उंची न दबलेल्या उशीची असते, तिच्यावर जाऊ नका.

माप जमलं की नाही ते फोटोने कळतं. नेहमीसारख्या झोपा आणि यजमानांना पाठीमागून फोटो काढायला सांगा. मानेची आणि पाठीची रेषा गादीला समांतर दिसायला हवी. समोरून बघितलं तर नाक, हनुवटी आणि छातीची मधली रेघ एका ओळीत. कमीजास्त असेल तर नवीन उशी आणायची गरज नाही. उशी कमी पडत असेल तर अभ्र्याच्या आत, उशीखाली, घडी घातलेला टॉवेल सरकवा. एकेक घडी वाढवत किंवा काढत अर्ध्या-पाऊण सेंटीमीटरपर्यंत नेमकं जमतं. जास्त होत असेल तर कापसाच्या किंवा फायबरच्या उशीचा टाका उसवून थोडं भरण काढा.

कशाची उशी, या प्रश्नात मला फारसा रस नाही, हे आधीच कबूल करते. उंची नेमकी असेल आणि ती रात्रभर टिकत असेल तर आत काय भरलंय हा आवडीचा भाग. कापूस दबून गुठळ्या होतात, मग मानेखाली खड्डा आणि डोक्याखाली ढेकूळ, त्याला वेळोवेळी पिंजून घेणं हाच उपाय. फायबरची उशी हलकी आणि धुता येणारी, पण लवकर मरते. मधोमध दुमडा आणि सोडा, झटक्यात उघडली नाही तर तिचं आयुष्य संपलं. लॅटेक्स आकार चांगला धरून ठेवतं. मेमरी फोम गारव्यात कडक आणि अंगाच्या उबेने मऊ होतो, त्यामुळे पाठ टेकताना जी उंची वाटते ती तासाभराने राहत नाही. तुमची खोलगट उशी बहुधा एका कडेला उंच, दुसऱ्या कडेला बुटकी असेल. कुशीवर झोपणाऱ्याने सहसा उंच कड मानेखाली घ्यायची. ती उलटी ठेवलेली नाही ना, एवढं बघा. शिवाय उशी फक्त डोक्याला आणि मानेला. खांदा उशीच्या कडेला भिडला पाहिजे, उशीवर चढला नाही पाहिजे. पुष्कळ जण अर्धा खांदा उशीवर घेऊन झोपतात आणि मग उशीलाच नावं ठेवतात.

राहता राहिली ॲसिडिटी. तिच्यासाठी दोन उशा रचणं हा उपाय मला पटत नाही. उशांनी फक्त मान आणि छाती वाकते, पोट दुमडतं, जठर आणि अन्ननलिका यांच्यातला उतार बदलत नाही. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली १५ ते २० सेंटीमीटरचे भक्कम ठोकळे ठेवा, म्हणजे अख्खा पलंगच तिरका होतो. किंवा कंबरेपासून चढत जाणारी पाचरीच्या आकाराची गादी घ्या. त्यावर मग मापाची एकच उशी. जेवण आणि झोप यांच्यात तीन तास राहू द्या. आणि ॲसिडिटी असलेल्यांना उजव्या कुशीपेक्षा डावी कूस बरी, उजव्या कुशीवर आम्ल वर येण्याचं प्रमाण वाढतं. म्हणजे कूस बदललीत तर पोटालाही बरं आणि उजव्या हातालाही सुट्टी.

पण नुसती कूस बदलली आणि डावा हात उशीखाली गेला तर महिन्याभराने तुम्ही मला डाव्या हाताचं पत्र लिहाल. म्हणून हात कुठे ठेवायचे ते आधी ठरवू. खालचा हात अंगासमोर, गादीवर, उशीच्या बाहेर. कोपर किंचित वाकलेलं, तळहात वर किंवा आडवा. झोपताना खालचा खांदा थोडा पुढे ओढून घ्या, म्हणजे भार खांद्याच्या टोकाऐवजी पाठीच्या बाजूला, पात्यावर जातो. वरच्या हातासाठी पोटाशी दुसरी उशी धरा आणि दंडापासून पंजापर्यंतचा हात तिच्यावर टेकवा. ही उशी नसेल तर वरचा हात पुढे लोंबतो, खांदा पुढे घसरतो आणि मनगट गादीच्या कडेला दुमडतं. माझ्या मते कुशीवर झोपणाऱ्याला डोक्याखालच्या महागड्या उशीपेक्षा ही पोटाशी धरायची साधी उशी जास्त उपयोगी पडते. तुमच्याकडच्या दोन जुन्या उशांपैकी एक इथे कामाला लावा, दुसरी पाठीला टेकवा, म्हणजे झोपेत परत उजवीकडे वळायला अडसर होईल.

उताणं झोपणं जमत असेल तर हातांसाठी तेच सर्वात निर्धास्त. उशी मात्र बुटकी घ्या, हनुवटी छातीला भिडायला नको. दोन्ही हात अंगालगत, हवं तर कोपरापासून पंजापर्यंत खाली एकेक घडी घातलेली चादर. हात डोक्याच्या वर टाकून झोपणाऱ्यांना वेगळा त्रास होतो. कॉलरबोन आणि पहिली बरगडी यांच्यामधून जाणारा नसांचा जुडगा ताणला जातो आणि एकदोन बोटांऐवजी पूर्ण हात जड होतो. तुम्हाला कधीकधी हात "आपला नाहीच" वाटतो, त्या रात्री तो कुठे होता ते नक्की लिहून ठेवा. अख्खा हात लाकडासारखा होतो तेव्हा बहुतेक वेळा माणूस त्या हातावरच झोपलेला असतो. पालथं झोपण्याबद्दल एवढंच की मान तासन्‌तास एका बाजूला वळलेली आणि हात वर उशीखाली, असे दोन्ही दोष त्यात एकदम येतात.

आता मैत्रिणीच्या बी कॉम्प्लेक्सबद्दल. बी १२ कमी असल्याने मुंग्या येतात, हे खरं. शाकाहारी लोकांत आणि मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ते कमी असण्याची शक्यता जास्त. पण त्या मुंग्या सहसा दोन्ही पायांतून सुरू होतात, एकाच हातात रात्रीपुरत्या येऊन झटकल्यावर जात नाहीत. दुसरी गोष्ट काळजीची आहे: बी ६ जास्त मात्रेत फार दिवस घेतलं तर त्यानेच नसांना इजा होऊन बधिरपणा येतो. गोळ्यांच्या पाकिटावर बी ६, म्हणजे पायरिडॉक्सिन, किती मिलिग्रॅम आहे ते बघा आणि डॉक्टरांना दाखवा. रक्तात बी १२ तपासायचं असेल तर गोळ्या चालू आहेत हेही सांगा, नाहीतर आकडा छान येईल आणि दिशाभूल होईल.

बहिणीची शंका मी हसण्यावारी नेणार नाही. तुमच्या वर्णनात हृदयाचं काही दिसत नाही, कारण झटकून आणि कूस बदलून जाणारा बधिरपणा सहसा हृदयाचा नसतो. पण हात जड होण्यासोबत छातीत दाब, घाम, धाप, मळमळ किंवा जबड्यात कळ असेल तर वही-पेन बाजूला ठेवून थेट हॉस्पिटल गाठा. बायकांमध्ये छातीत दुखण्याऐवजी नुसती धाप आणि मळमळ अशीही सुरुवात होते. तसंच हाताची ताकद एकदम गेली आणि सोबत तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं किंवा त्याच बाजूचा पायही लुळा पडला, तर ते पाच मिनिटांत बरं झालं तरी घरी थांबायचं नाही.

याखेरीज काही गोष्टी दिसल्या तर उशा आणि टॉवेलांत वेळ घालवू नका. बधिरपणा दिवसाही राहायला लागला. हातातून वस्तू सुटायला लागल्या. शर्टाची बटणं लावणं, सुईत दोरा ओवणं अवघड झालं. अंगठ्याच्या मुळाशी तळहाताचा जो फुगीर भाग असतो तो दुसऱ्या हातापेक्षा चपटा दिसू लागला, किंवा अंगठा आणि तर्जनी यांच्यामधला मागचा भाग खोल गेला. दोन्ही हात बधिर होऊन चालताना तोल जाऊ लागला. स्नायू झिजायला लागल्यावर उपचार केले तरी पूर्ण ताकद परत येईलच असं नसतं, म्हणून ही मर्यादा गाठायची नाही.

यातलं काही नसेल तर पहिला आठवडा फक्त कागदावर हाताची चित्रं भरा. पलंगाचा उतार आणि पोटाशी धरायची उशी मात्र आजच सुरू करा, त्यांना थांबायचं कारण नाही. आठवड्याने चित्र स्पष्ट झालं की त्याप्रमाणे कोपराचा टॉवेल किंवा मनगटाचा स्प्लिंट, एका वेळी एकच, नाहीतर कशाने बरं वाटलं ते कळणार नाही. सहा आठवड्यांत रात्रीची जाग निम्म्यावरही आली नाही तर ऑर्थोपेडिक किंवा न्यूरोलॉजीच्या डॉक्टरांना भेटा. ते बहुधा शुगर, थायरॉइड आणि बी १२ तपासतील आणि एनसीव्ही, म्हणजे नसेतून संदेश किती वेगाने जातो ती तपासणी सांगतील. त्यात हाताला बारीक विजेचे झटके देतात. ते टोचतात, चटका बसतो, पण सोसण्यासारखे असतात. सुरुवातीच्या त्रासात हा रिपोर्ट नॉर्मलही येऊ शकतो, म्हणून तुमच्या चित्रांचे कागद रिपोर्टसोबत फाईलमध्ये लावून न्या आणि डॉक्टरांनी विचारलं नाही तरी समोर ठेवा.